नव्या दाढीच्या ब्रशला वास येतो म्हणून तो फेकू नका, उकळूही नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डब्यातला फेस सोडून पुन्हा साबण आणि ब्रशकडे वळलेली तरुण मंडळी हल्ली बरीच दिसतात. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास, दादरला किंवा ऑनलाइन ती ब्रश घेतात आणि पहिल्याच सकाळी तो कोमट पाण्यात बुडवून तोंडाजवळ नेला की दचकतात, कारण त्याला जनावराचा वास येतो. यापुढे बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर ब्रश कचऱ्यात जातो, नाहीतर घरातलं कुणीतरी 'जंतू मरतील' म्हणून तो पातेल्यात उकळायला ठेवतं. दुसऱ्या प्रकारात चांगला ब्रश कायमचा बिघडतो आणि दोष दुकानदाराला लागतो. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी हा वास येतो कुठून ते पाहू. घोंगडी कोरडी असते तेव्हा तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पावसात भिजली की घरभर कळतं. ब्रशचं तेच आहे. केस आणि लोकर दोन्ही केराटिन या प्रथिनाची बनलेली असतात आणि त्यात गंधक असतं. वर प्राण्याच्या अंगचा तेलकटपणा थोडा उरलेला असतो. केस कोरडे असताना वासाचे कण त्यांना धरून बसतात. पाणी आत शिरलं की ते सुटून हवेत येतात. कारखान्यात केस धुतलेले, उकडलेले असतात, तरी मुळाशी काहीतरी राहतंच. खात्री करायची असेल तर ओला ब्रश टोकाशी हुंगा आणि मग अंगठ्यानं केस बाजूला सारून मुठीलगत हुंगा. टोकाला वास फारसा नसेल, मुळाशी भरपूर असेल. म्हणजे धुवायचं ते मूळ. आपण मात्र नळाखाली टोकंच भिजवतो आणि धुऊनही वास जात नाही म्हणतो.

आता हा ब्रश कोणत्या केसांचा आहे ते ओळखा, कारण उपाय तोच असला तरी लागणारे दिवस वेगळे आहेत. डुकराचे केस जाड, ताठ, पिवळसर पांढरे असतात. स्वस्त आणि मध्यम किमतीचे नैसर्गिक ब्रश बहुतेक याचेच. आपल्या देशात या केसांचा व्यापार जुना आहे. कानपूर त्यासाठी ओळखलं जातं, तर उत्तर प्रदेशातल्याच बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट हे ब्रशांचं गाव. बॅजर या प्राण्याचे केस बारीक, टोकाशी फिके, मधे काळा पट्टा आणि खाली पुन्हा फिके असतात. हे बहुतांशी चीनमधून येतात आणि महाग असतात. घोड्याचे केस या दोहोंच्या मधले. कृत्रिम धाग्याच्या ब्रशला जनावराचा वास येण्याचं कारणच नाही. त्याला वास येत असेल तर तो गोंदाचा किंवा प्लास्टिकचा. शंका असेल तर गळून पडलेला एक केस चिमट्यात धरून काडीनं जाळून पाहा. नैसर्गिक केस चुरचुरत जळतो, केस जळल्याचाच वास येतो आणि राख बोटात चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो.

एक गोष्ट ग्राहकांना सहसा ठाऊक नसते. डुकराच्या केसांवर मधोमध काळा पट्टा रंगवून त्यांना बॅजरसारखं रूप देतात. पहिल्या धुण्यात पाणी काळपट निघालं तर तो बहुधा हाच रंग असतो. दोन-तीन धुण्यांत तो थांबतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण बॅजरच्या किमतीला घेतला असेल तर दुकानात परत जाण्यासारखं आहे.

बॅजरचा वास साधारण तीन-चार दाढ्यांत जातो. डुकराच्या केसांना एक ते दोन आठवडे लागतात, काही हट्टी ब्रशांना तीन. हे नीट धुतलं आणि वाळवलं तर. नाहीतर महिना गेला तरी वास तसाच राहतो.

मुख्य काम सांगतो. वेळ फार लागत नाही, फक्त चार-पाच दिवस सलग करावं लागतं.

ब्रश कोरडा असतानाच तळहातावर हलकेच आपटा आणि बोटांनी केस विंचरल्यासारखे मोकळे करा. पाच-दहा सुटे केस पडतील, पडू द्या. मग हाताला सोसेल इतक्याच कोमट पाण्यात, म्हणजे अंदाजे चाळीस अंशांच्या आसपास, केस बुडवा. मूठ पाण्यात बुडवायची नाही, विशेषतः लाकडी असेल तर. बॅजरला अर्धा-एक मिनिट पुरे. डुकराचे केस पाणी पितात, त्यांना पाच ते दहा मिनिटं द्या. बोटाला ताठपणा जाऊन नरम लागले की झालं. आता तळहातावर भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब घ्या. शाम्पू असेल तर अर्धा चमचा, पण कंडिशनर नसलेला. 'टू इन वन' शाम्पूतलं सिलिकॉन केसांवर बसतं, मग ब्रश गुळगुळीत लागतो आणि फेस धरत नाही. ब्रश तळहातावर गोल-गोल फिरवा, एक मिनिटभर, आणि मधेमधे झुबक्याचं मूळ अंगठा आणि तर्जनीनं दाबून सोडा, स्पंज दाबतात तसं. सुरुवातीला मळकट, पिवळसर पाणी निघेल. ते स्वच्छ येईपर्यंत नळाखाली मूळ दाबत राहा. असं दोनदा करा. हे तेल काढणारं धुणं पहिल्याच दिवशी करायचं, रोज नाही. रोज केलं तर केस रूक्ष होऊन तुटायला लागतात.

ज्यांना लिक्विड नको त्यांच्यासाठी रिठा उत्तम. लोकर आणि रेशीम धुवायला आपल्याकडे रिठा वापरतातच, आणि ब्रशचे केस लोकरीचेच भाऊबंद. पाच-सहा रिठे फोडून बिया काढा, पाव लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून फडक्यातून गाळा आणि पाणी कोमट करून ब्रश त्यात दहा मिनिटं ठेवा. गाळायला विसरू नका; सालीचे कण झुबक्यात अडकले की निघता निघत नाहीत. आणि डोळ्यांना जपा, रिठ्याचं पाणी फार झोंबतं.

यानंतर येतो तो फेसाचा मुक्काम, आणि वासाचं खरं काम इथेच होतं. कोणतंही साधं दाढीचं क्रीम बदामाएवढं घ्या किंवा साबणाच्या वडीवर ब्रश अर्धा मिनिट फिरवा. मग वाटीत किंवा तळहातावर दोन-तीन मिनिटं घोटून घट्ट, दह्यासारखा फेस करा. तो झुबक्याच्या मुळापर्यंत पोचला पाहिजे, म्हणून केस पसरवून मधेही थोडा भरा. हा फेस न धुता रात्रभर, आठ-दहा तास तसाच राहू द्या. ब्रश उघड्यावर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलात तर वास कोंडून राहतो आणि सकाळी आंबूस होतो. सकाळी कोमट पाण्यानं निथळेपर्यंत धुवा, आणि हवं तर त्याच ब्रशनं दाढी करा. चार ते पाच रात्री असं केलं की बहुतेक ब्रश सुधारतात. साबण रोज थोडा तेलकटपणा उचलतो आणि केसांनाही वळण लागतं. दोन आठवड्यांनी डुकराच्या केसांची टोकं भिंगाखाली पाहा: प्रत्येक केस टोकाशी दोन-तीन फाट्यांत दुभंगलेला दिसेल. हे खराब होणं नव्हे. यामुळेच ब्रश मऊ लागतो आणि फेस जास्त धरतो. म्हणून हा ब्रश जितका वापराल तितका सुधारतो.

एवढं करूनही कुबट वास उरला तर साधं पांढरं व्हिनेगर, एक मोठा चमचा एक कप पाण्यात घालून, त्यात केस पाच मिनिटं बुडवा आणि भरपूर पाण्यानं धुवा. वासातला माशासारखा उग्र भाग आम्लानं मारला जातो आणि साबणाचा चिकट थरही सुटतो. आठवड्यातून एकदाच, आणि लागोपाठ दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त नको. लिंबाचा रस चालतो, पण गाळून, चोथा अडकतो.

काय करू नये हेही तितकंच महत्त्वाचं आहे. उकळतं पाणी नको: केस वाकडे होऊन ठिसूळ होतात आणि झुबका ज्या राळेनं मुठीत बसवलेला असतो ती सैल होते. मग झुबका निघून हातात येतो किंवा केस मूठभर गळतात. ब्लीच तर मुळीच नको, ते केसांचं प्रथिनच विरघळवतं. डेटॉलसारख्या जंतुनाशकाचा वास केस धरून ठेवतात. जनावराच्या वासाऐवजी दवाखान्याचा वास येईल, आणि तो जाता जात नाही. अत्तर, तेल, टाल्कम पावडर यांनी वास झाकला जातो, जात नाही. खाण्याचा सोडा एकदा वापरला तर बिघडत नाही, पण वारंवार वापरल्यानं केस खरखरीत होतात. तुरटी गालासाठी आहे, ब्रशला लावू नका. डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या कपाटात ब्रश ठेवलात तर तो वास आठवडाभर गालावर येईल. आणि ओला ब्रश कधीही पिळू नका. पंचा पिळतात तसा पिळला की केस मुळाशी तुटतात. दाबायचं आणि झटकायचं, एवढंच. ब्रश गालावर किंवा तळहातावर रेटून दाबण्याची सवय असेल तर काही महिन्यांत झुबक्याच्या मधोमध खड्डा पडतो. तो परत भरून येत नाही.

आता मुंबईपुरतं थोडं जास्त, कारण इथे खरी अडचण वाळवण्यात आहे. पालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा, विहार, तुळशी अशा तलावांचं, म्हणजे पावसाचं साठवलेलं, म्हणून मऊ. त्यात साबण सहज निघून जातो. पण उपनगरांत जिथे टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी वापरतात, तिथे साबण आणि पाण्यातले क्षार मिळून न विरघळणारा साका तयार होतो. तो झुबक्याच्या मुळाशी बसतो, तिथे ओल टिकते आणि चांगल्या ब्रशलाही दोन-तीन महिन्यांनी वास येऊ लागतो. अशा घरात शेवटचं धुणं फिल्टरच्या किंवा पिण्याच्या एक ग्लास पाण्यानं करावं आणि महिन्यातून एकदा वरचा व्हिनेगरचा उपाय करावा.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की डक्टकडे उघडणाऱ्या लहानशा खिडकीच्या न्हाणीघरात सकाळी धुतलेला ब्रश दुसऱ्या सकाळीही मुळाशी ओलाच असतो. बाहेरून तो कोरडा वाटतो, म्हणून बोट मधे घालून पाहावं. गारवा लागला तर वाळलेला नाही. अशा ओलसर मुळात बुरशी धरते. मग जो वास येतो तो जनावराचा नसतो, तो कुबट, जुन्या पोतेऱ्यासारखा असतो. नवा ब्रश आधी सुधारला आणि जुलैत पुन्हा वास मारू लागला अशी तक्रार असेल तर कारण हेच समजावं. उपाय साधा: धुतल्यावर तीनदा जोरात झटका, कोरड्या पंचावर उलट-सुलट आठ-दहा वेळा फिरवा, केस फुगवून मोकळे करा आणि ब्रश न्हाणीघराबाहेर, पंख्याचा वारा लागेल अशा जागी उभा ठेवा किंवा केस खाली करून टांगा. दोन्ही चालतं, वारा महत्त्वाचा. कपाटात, झाकणाच्या डब्यात किंवा प्रवासाच्या प्लास्टिकच्या नळकांड्यात ओला ब्रश घालू नये. कडक उन्हातही तासन्तास ठेवू नये, लाकडी मूठ तडकते. रोज दाढी करणाऱ्यानं पावसाळ्यात दोन ब्रश आलटून-पालटून वापरले तर प्रत्येकाला वाळायला दोन दिवस मिळतात. ही सगळ्यात स्वस्त युक्ती आहे.

कोणता वास नेमका कसला हे ओळखता आलं की निम्मा गोंधळ मिटतो. भिजल्या घोंगडीसारखा वास असेल तर तो केसांचा, तो जातो. रंगाच्या डब्यासारखा किंवा झोंबरा असेल तर तो मुठीतल्या राळेचा. त्यावर साबणाचा उपाय नाही, आठ-दहा दिवस उघड्या हवेत ठेवणं हाच उपाय. डांबराच्या गोळीसारखा असेल तर तो गोदामातला, तोही हवेनं जातो. सडका वास मात्र वेगळा. पहिल्या दिवसापासून सडका वास येत असेल आणि धुऊन तो वाढतच असेल, तर केस नीट साफ न करताच बसवले आहेत. असा ब्रश घरी सुधारत बसू नये, परत करावा. महिन्यानंतरही रोज केस गळत असतील तरीही परत करावा, कारण झुबका नीट चिकटलेला नाही.

वास आला म्हणजे रोगराई, अशी भीती अनेकांना वाटते, आणि तिच्यामागे इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर ब्रिटन-अमेरिकेत दाढीच्या ब्रशांतून काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स झाल्याची प्रकरणं घडली. युद्धामुळे बॅजरचे केस मिळेनासे झाले, त्यांच्या जागी पूर्वेकडून आलेले घोड्याचे केस नीट निर्जंतुक न करता वापरले गेले. 1920 मध्ये ब्रिटननं जपानमधून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली. या इतिहासातून आज घ्यायचं ते एवढंच की निर्जंतुक करणं हे कारखान्याचं काम आहे. काळपुळीचे बीजाणू घरच्या कोमट पाण्यानं, साबणानं मरत नाहीत, आणि त्यांना वासही नसतो. म्हणून वासावरून रोगाचा अंदाज बांधू नये. त्याऐवजी पत्ता नसलेल्या, खोक्याविना फुटपाथवर मिळणाऱ्या नैसर्गिक केसांच्या ब्रशापासून दूर राहावं. दुसऱ्याचा वापरलेला ब्रशही घेऊ नये. सलूनमध्ये तर कृत्रिम धाग्याचाच ब्रश हवा: तो लवकर वाळतो आणि जंतुनाशकात बुडवला तरी टिकतो. आता प्रत्येक गिऱ्हाईकाला नवं ब्लेड लावतात, तितकीच काळजी ब्रशचीही घ्यायला हवी.

शेवटी एक मागणी. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 प्रमाणे खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, किंमत, महिना-वर्ष आणि आयात मालावर मूळ देश छापावा लागतो. केस कोणत्या प्राण्याचे, हे मात्र अनेक खोक्यांवर नसतं. 'नॅचरल ब्रिसल' एवढ्यावर भागवलेलं असतं. मुंबईत जैन, मुस्लिम, माळकरी अशी कितीतरी घरं आहेत जिथे डुकराचे केस तोंडाला लावणं मान्य नाही. त्यांना हे विकत घेण्याआधी कळायला हवं, पहिल्या भिजवणीच्या वासावरून नव्हे. घाऊक बाजारात व्यापारी जातवारीनंच माल उचलतो, त्यामुळे दुकानदाराला ते माहीत नसतं असं नाही. प्राण्याचं नाव मराठीत ठळक छापावं आणि सोबत पहिल्या आठवड्यात ब्रश कसा धुवायचा याची चार ओळींची चिठ्ठी घालावी. खोक्यावर त्यासाठी जागा भरपूर असते.

आपला,
एक वाचक
लालबाग, मुंबई